यमकाचा धनी कोण?

‘मूळ आणि छाया’ हा विषय संपादकांनी यंदाच्या अंकासाठी मुक्रर केला, तेव्हा मूर्तींच्या प्रतिकृती, जुन्या पोथ्यांच्या नकला आणि चित्रांच्या बनावट प्रती यांकडेच माझी दृष्टी प्रथम वळली. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे रॅप रचणाऱ्या दोन तरुणांत एका यमकाच्या मालकीवरून वितुष्ट आल्याचे कानी आले, आणि ज्या प्रश्नाने संस्कृत साहित्यशास्त्रापासून आजच्या न्यायालयांपर्यंत अनेकांना कोड्यात पाडले, तोच प्रश्न विदर्भाच्या एका तालुक्याच्या गावी कोवळ्या वयाच्या मुलांपुढे उभा ठाकला आहे हे पाहून मी लोणारची वाट धरली.

गोमुखातून अखंड वाहणाऱ्या गोड्या पाण्याच्या ठिकाणाला तेथे सर्वजण ‘धार’ म्हणतात. तिच्या पायऱ्यांपाशी दोघेही तरुण भेटले. मोबाईलवर बीट लावायची, वहीत किंवा मोबाईलमध्ये ओळी उतरवायच्या आणि मित्रांच्या घोळक्यात त्या म्हणून दाखवायच्या, हा त्यांचा परिपाठ. दोघांनीही आपल्या गावावर रॅप केला होता. दोघांच्याही रचनेत गावाच्या नावाला ‘होणार’ हे क्रियापद जुळवलेले होते आणि त्यापाठोपाठ सोनारही आला होता. एकाचे म्हणणे थोडक्यात असे, “अबे, हे यमक माह्यं हाय, तू ढापलं.” दुसऱ्याचे उत्तर त्याहून थोडके होते, “तुयं कसं? लोनारले दुसरं लागते तरी काय?”

या उत्तरातच वादाचे सारे मर्म आहे, असे मला त्या वेळी वाटले आणि पुढे जे पाहिले, वाचले व विचारले त्याने ते मत दृढच होत गेले.

वाट किती अरुंद होती?

दोन रचनांत साम्य आढळले की चोरीचा संशय येणे स्वाभाविक असले, तरी साम्याचे वजन ठरवण्यापूर्वी त्या जागी रचनाकारापुढे किती वाटा खुल्या होत्या याचा हिशेब लावला पाहिजे. जेथे शंभर वाटा मोकळ्या असूनही दोघे एकाच आडवाटेने गेले, तेथे संशयाला बळ येते. परंतु जेथे वाटच एक होती, तेथे दोघांच्या पावलांचे ठसे एकमेकांवर पडले म्हणून एकाला दुसऱ्याच्या मागे चालणारा म्हणता येत नाही.

आता मराठीची घडण पाहा. आपल्या वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद येते आणि क्रियापदांचे प्रत्यय ठरावीक असल्यामुळे केला, गेला, मेला किंवा येतो, जातो, घेतो अशी यमके भाषा स्वतःच कवीच्या हाती ठेवते. त्यांसाठी प्रतिभेला कष्ट पडत नाहीत, आणि म्हणून त्यांवर कोणाचा हक्कही बसत नाही. रॅपची ताल-रचना या ओढीत भरच घालते. एका मापात चार ठोके असतात, ज्याला रॅप करणारे ‘बार’ म्हणतात त्या ओळीचे यमक बहुधा चौथ्या ठोक्यापाशी येऊन बसते, आणि आंतरजालावर विनामूल्य मिळणारी तीच ती बीट गावोगावची मुले उतरवून घेत असल्याने शब्दांचे वजन व विसावे आधीच आखलेले असतात. तीच बीट, तोच विषय आणि क्रियापदाशी संपणारे तेच वाक्य एकत्र आल्यावर ‘लोणार’ला ‘होणार’ भेटले तर त्यात नवल ते काय?

वऱ्हाडी बोलीने ही वाट आणखी एका अंगाने आखली आहे. या भागातल्या सर्वसामान्य उच्चारात ‘ण’चा ‘न’ होतो; त्यामुळे प्रमाण मराठीत ‘लोणार’ आणि ‘सोनार’ यांचा मेळ किंचित अडखळतो, पण लोणारकराच्या तोंडी ‘लोनार’ आणि ‘सोनार’ अगदी बिनबोभाट जुळतात. त्याच बोलीत पुष्कळांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘गळा’चा ‘गया’ झाला की त्याला ‘दया’ चालते, ‘काळा’चा ‘काया’ झाला की त्याला ‘माया’ चालते. म्हणजे एखाद्या पुणेरी उच्चाराच्या रॅपरने ‘गळा’ आणि ‘दया’ यांची जोडी आपली म्हणून सांगितली, तर ती त्याच्या तोंडी मोडते, आणि ती मोडते म्हणूनच ती कोण्या वऱ्हाडी तोंडात जन्मली असावी, असा सबळ संशय घेता येतो. उलट दोन्ही पक्षकार एकाच गावचे, एकाच बोलीचे असले, तर याच पुराव्याची धार बोथट होते. एकच खूण एका खटल्यात निर्णायक आणि दुसऱ्यात निरुपयोगी ठरते, हे ध्यानात घेतल्यावाचून कोणी निवाड्याला बसू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला बहुअक्षरी यमक आहे. दोन-तीन शब्दांचे तुकडे सांधून चार-पाच अक्षरांपर्यंत स्वर व व्यंजने जुळवून आणणे, आणि तेही अर्थ न सोडता, ही रॅपमधील कौशल्याची कसोटी मानली जाते. मराठीत या कसबाची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात मोरोपंतांनी आर्येच्या चरणांत यमकांचे असे जाळे विणले की त्यांचे नाव आणि यमक ही जोडीच झाली. त्यांनी रामकथा शंभराहून अधिक वेळा निरनिराळ्या बंधनांत लिहिली, त्यांतले एक रामायण तर ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून सिद्ध केले. कथा एकच, पात्रे तीच, प्रसंग तेच. तरीही एका रामायणाची छाया दुसऱ्यावर पडली असे कोणी म्हणत नाही. विषय सर्वांचा, घडण ज्याची त्याची, हा भेद पंतांच्या उदाहरणाने जितका स्पष्ट होतो तितका व्याख्येने होत नाही.

सरोवराचा दाखला

काठावर उभे राहून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळाकार विवर खाली पाहिले, तेव्हा माझ्या प्रश्नाचा एक भाग या गावाने शिळेच्या बाबतीत पूर्वीच सोडवून ठेवला असल्याचे जाणवले. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख आहे, असेच पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानीत, आणि ते अकारण नव्हते; कारण भोवतालचा सारा प्रदेश लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि ज्वालामुखीचे मुखही असेच वाटोळे असते. १८९६ साली अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी अॅरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचे त्याच्याशी असलेले साम्य हेरले. परंतु केवळ आकाराच्या साम्यावर निकाल लागला नाही, आणि लागूही नये.

निकाल लागला तो विवराच्या पोटात शिरल्यावर. तळाखाली छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत बेसाल्टमधील स्फटिकांचे काचेत रूपांतर झालेले आढळले. मॅस्कलिनाइट हे त्या काचेचे नाव. ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेने असे रूपांतर होत नाही. त्यासाठी आघाताचा प्रचंड दाब लागतो. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि लोणार हे अशनिपाताने झालेले विवर असल्याचा निर्वाळा मिळाला. वय मात्र अद्याप वादग्रस्त आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनाने साडेपाच लाख वर्षांहून अधिक.

वाटोळेपणा दोन सर्वस्वी भिन्न कारणांनी येऊ शकतो, म्हणून वाटोळेपणा हा पुरावाच नव्हे. पुरावा तो, जो एका कारणाने संभवतो आणि दुसऱ्याने संभवत नाही. यमकाच्या तंट्यातही हाच नियम लावावा लागेल. ‘लोणार–होणार’ हे साम्य नकलेनेही येते आणि स्वतंत्र निर्मितीनेही येते. तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नकलेवाचून ज्याचा उलगडाच होत नाही, असे काही त्या ओळींच्या पोटात आहे काय, हे शोधले पाहिजे.

चोराच्या हाती राहिलेले नाव

असे निर्विवाद चिन्ह रॅपच्या इतिहासात अगदी प्रारंभीच सापडते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत १९७० च्या दशकात ही कला वाढत असताना ग्रँडमास्टर कॅझ हा तेथला मान्यवर रचनाकार होता. १९७९ साली शुगरहिल गँग या चमूने ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि रॅप प्रथमच जगभर पोहोचला. त्यातील बिग बँक हँक याने म्हटलेल्या ओळी कॅझच्या वहीतल्या होत्या. साम्य योगायोगाचे असू शकेल, असा बचाव येथे संभवतच नव्हता. कारण कॅझने आपल्या टोपणनावाची अक्षरे एकेक सुटी करून ओळीत गुंफली होती आणि हँकने ती जशीच्या तशी उच्चारली. दुसऱ्याचे नाव आपल्या तोंडून वदवून घेणारी ओळ आपली कशी असेल? तरीही त्या गाण्यावर कॅझचे नाव आले नाही व त्याला मोबदलाही मिळाला नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला रचनेच्या अखेरीस कवीचे नाव गुंफणाऱ्या आपल्या मुद्रिकेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’, लावणीच्या अखेरीस होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांची नावे, आणि आंबेडकरी जलशाच्या परंपरेत वामनदादा कर्डक यांच्या गीतांत ‘वामन’ हे नाव. छापखाना व दस्तनोंदणी सामान्यांच्या आवाक्यात नसताना कवीचा हक्क मुखोद्गत राहावा म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. तिची मर्यादाही जुन्यांनी ओळखली होती. सालोमालो नावाचा कोणी संतांची वचने मोडून आपल्या नावावर खपवतो, अशी तक्रार स्वतः तुकोबांच्या गाथेत आहे. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात तर हाच सालोमालो उलट तुकारामांनीच आपले अभंग चोरल्याचा कांगावा करतो. मुद्रिका बदलता येते. म्हणून ती एक साक्ष आहे, अंतिम पुरावा नव्हे.

त्याच चित्रपटाने दुसरा धडाही दिला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक नवे पद रचले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते गाथेतलेच मानले. गाथेत ते नाही. वळण तुकोबांचे, शब्दकळा त्या परंपरेची, आणि रचना मात्र संपूर्ण आठवल्यांची. हुबेहूब कोणासारखे वाटणे म्हणजे त्याचे घेणे नव्हे, याचा इतका लखलखीत दाखला आपल्या घरी असताना तो शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

आरसा, चित्र आणि जुळा देह

या प्रश्नाची शिस्तवार मांडणी सर्वांत आधी केली ती संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनी. नवव्या शतकातील काश्मीरच्या आनंदवर्धनाने कवींच्या उक्तींत आढळणाऱ्या मेळाला ‘संवाद’ असे नाव दिले आणि बुद्धिमंतांचे विचार स्वभावतःच जुळू शकतात हे मान्य करून त्या मेळाचे तीन प्रकार केले. प्रतिबिंबासारखा मेळ त्याज्य, कारण त्याला स्वतःचे शरीरच नसते. चित्रासारखा मेळही त्याज्य, कारण शरीर असले तरी त्याचा आत्मा तुच्छ असतो. परंतु दोन माणसे चेहऱ्याने सारखी असून दोघांचे प्राण वेगळे असावेत तसा मेळ असेल, तर तो कवीने टाकू नये.

त्यानंतर थोड्याच काळाने राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हरणाच्या, म्हणजे दुसऱ्याचे काव्य उचलण्याच्या, विवेचनासाठी स्वतंत्र अध्याय दिले. या राजशेखराचा पणजा अकालजलद हा ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरवला गेला होता, म्हणजे आपले त्याच्याशी जुने नाते आहे. त्याने शब्दांचे हरण आणि अर्थाचे हरण वेगळे केले, आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत परपुरप्रवेशाची, म्हणजे मूळ एकच असून मांडणी सर्वस्वी पालटल्याची, चौथी कोटी घातली, आणि उसनवारी कोणत्या परिस्थितीत क्षम्य ठरते याविषयी आपली विदुषी पत्नी अवंतीसुंदरी हिचे मत आदराने नोंदवले. हरणाला त्याने सरसकट पाप ठरवले नाही आणि सरसकट माफीही दिली नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या जातीप्रमाणे तोलण्याची रीत घालून दिली. ही रीत आजच्या रॅपला लावून पाहिली तर ती आश्चर्यकारक रीतीने लागू पडते.

न्यायासनासमोर

रॅपमधील यमकाचा तंटा थेट वरिष्ठ न्यायालयापुढे गेल्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. व्हिन्सेंट पीटर्स या होतकरू रॅपरने २००६ साली ‘स्ट्राँगर’ नावाचे गाणे रचून ते नामांकित रॅपर कान्ये वेस्ट याच्या निकटच्या एका व्यवस्थापकाला ऐकवले. २००७ साली वेस्टचे त्याच नावाचे गाणे आले आणि गाजले. पीटर्सच्या फिर्यादीत तीन गोष्टी होत्या: जे आपल्याला मारीत नाही ते आपल्याला बलवान करते, हा ध्रुपदातील आशय; स्ट्राँगर, लाँगर, राँगर ही यमकांची तिकडी; आणि केट मॉस या रूपवतीचा उल्लेख. २०१२ साली शिकागो येथील अपील न्यायालयाने निकाल दिला. वेस्टला मूळ गाणे ऐकण्याची संधी मिळाली असणे संभवते, असे न्यायालयाने गृहीत धरले. तथापि तो आशय नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८८ सालीच मांडलेला आणि तेव्हापासून लोकांच्या बोलण्यात रुळलेला आहे, यमकांच्या आकृतिबंधावर कोणाची मिरासदारी असू शकत नाही, आणि सुंदर स्त्रीचे नाव घेण्यात वेगळेपण काही नाही, या कारणांनी फिर्याद नामंजूर झाली. संधी आणि साम्य ही दोन्ही लागतात, आणि साम्यही अशा भागाचे लागते जो फिर्यादीच्या स्वतःच्या मेहनतीतून आला आहे.

अजाणता होणारी नक्कल हा याहून नाजूक भाग. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गायक जॉर्ज हॅरिसनला एका जुन्या गाण्याची चाल उचलल्याबद्दल जबाबदार धरले, मात्र ही उचल त्याने बुद्ध्या केली नव्हती, स्मृतीच्या तळातून ती आली होती, असेही म्हटले. ऐकलेले आठवते पण ऐकल्याचे आठवत नाही, हा अनुभव कोणत्याही गाणाऱ्याला परका नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याचे मर्म १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात विशद केले. त्यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतल्याची ती तक्रार होती. कल्पना, विषय आणि कथाबीज यांवर मालकी नाही, मालकी आहे ती अभिव्यक्तीवर. आणि दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर नकलेचाच ठसा निःसंशय उमटतो काय, हे पाहावे, असे ठरले. २००८ साली संगीतकार राम संपत यांनी ‘क्रेझी ४’ चित्रपटातील गाण्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायमूर्तींनी दोन्ही रचना स्वतः ऐकून निर्णय दिला. स्वतंत्रपणे केलेली रचना दुसऱ्या रचनेसारखी निघाली तरी तो भंग ठरत नाही, कारण कायद्याने नक्कल मना केली आहे, योगायोग नव्हे. आणखी एक तरतूद गावोगावच्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे: रचनेवर हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जेथे राहतो तेथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, लोणारच्या मुलाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

वह्यांची रुजवात

लोणारच्या तंट्यात मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. दोघांनाही शिकवलेले एक निवृत्त गुरुजी मध्ये पडले. त्यांनी दोघांना आपापल्या वह्या आणि मोबाईलमधील कच्च्या ओळी घेऊन बोलावले आणि पक्क्या रचनेकडे न पाहता खाडाखोड तपासली. जो स्वतः रचतो त्याच्या वहीत नापसंत ठरलेली यमके, अर्ध्यावर सोडलेल्या ओळी आणि बदललेले क्रम सापडतात; जो उतरवून घेतो त्याच्या वहीत ओळ प्रथमपासूनच तयार अवतरते. या दोघांच्याही वहीत भरपूर खाडाखोड निघाली. एकाने सोनाराच्या आधी ‘कोनार’ असा निरर्थक शब्द लावून पाहिला होता, दुसऱ्याने चार ओळी खोडून मग सोनार आणला होता. गुरुजींनी मग दोघांना अलग बसवून सोनाराची आठवण विचारली, तेव्हा शाळेच्या एका स्नेहसंमेलनात गावावरचे जे गाणे झाले होते त्यात सोनार असल्याचे दोघांनाही स्मरले. एकाने दुसऱ्याचे घेतले नव्हते. दोघांनी तिसऱ्याचे घेतले होते आणि दोघेही ते विसरले होते.

ही रीत मला फार मोलाची वाटली, कारण पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विद्वानांना ज्या विवेकाची गरज पडली, त्याच्याशी तिचे नाते आहे. शेकडो पोथ्या ताडून पाहताना दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला तर त्यावरून त्यांचे नाते ठरत नाही, कारण शुद्ध पाठ तर मूळचाच. परंतु एकच विचित्र चूक दोहोंत आढळली की त्या एका कुळातल्या आहेत असे समजते. रॅपमध्येही समान अचूकपणापेक्षा समान चूक अधिक बोलकी. समजा, एकाने यमकाच्या हव्यासाने अलेक्झांडरचे साल शंभर वर्षांनी पुढे ढकलले आणि दुसऱ्याच्या ओळीतही नेमके तेच चुकीचे साल आले. तर शंभर ‘लोणार–होणार’ जे सिद्ध करू शकत नाहीत, ते ती एक चूक सिद्ध करील.

निवाड्याचा क्रम

या साऱ्याचा निष्कर्ष मी असा काढतो की निवाड्याला बसणाऱ्याने प्रश्नांचा क्रम चुकवू नये. प्रथम वाट किती अरुंद होती ते पाहावे, आणि भाषा, बोली, बीट व विषय यांनी जे आपोआप दिले ते बाजूस काढावे. मग उरलेल्या भागात योगायोगाने न येणारी एखादी चूक, एखादी बोलीची खूण, एखादे लांबलचक बहुअक्षरी यमक किंवा एखादी मुद्रिका आहे काय ते शोधावे. मग ऐकण्याची संधी होती काय ते विचारावे, दोघांमागे तिसरा कोणी आहे काय याचा तपास करावा आणि अखेरीस खाडाखोड पाहावी. बहुतेक भांडणे पहिल्याच पायरीवर मिटतील, कारण बहुतेक भांडणे सर्वांच्या सामाईक मालमत्तेवरून होतात.

हा क्रम पाळण्याचे महत्त्व केवळ न्यायापुरते नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याला श्रोते ‘१०० आरबीएच’ या नावाने ओळखतात, त्याच्यासारख्यांनी विदर्भाचा रॅप देशभर ऐकवल्यापासून वऱ्हाडी तोंडाची मुले आपल्या बोलीत, आपल्या गावांवर, आपल्या दुःखांवर रचू लागली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याची कष्टाने घडवलेली ओळ मोठ्या शहरातल्या कोणी उचलली, तर तिचे रक्षण झालेच पाहिजे, आणि म्हणून प्रत्येकाने आपली वही तारीख घालून जपून ठेवली पाहिजे. पण त्याच वेळी, भाषेने सर्वांना दिलेल्या यमकावर कोणी एकट्याने कुंपण घातले, तर उद्या लिहू पाहणाऱ्या मुलाला आपल्याच गावाचे नाव ओळीत घेताना भीती वाटेल. चोरी ओळखता येणे आणि योगायोगाला निर्दोष सोडता येणे, ही एकाच न्यायबुद्धीची दोन कामे आहेत. ज्याला दुसरे साधत नाही, त्याच्या हाती पहिले सोपवू नये.